घराची ओल, बुरशी आणि हवा तपासून घेतली: पैसे कुठं वसूल झाले, कुठं गेले

आधी निकाल सांगतो. कंपनीनं जो माणूस पाठवला त्याला पाचपैकी पाच. रिपोर्टला दोन. आणि रिपोर्टच्या शेपटाला जे कोटेशन जोडलं होतं त्याला शून्य.

कंपनी पुण्याची. सांगलीत असलं काम करणारं मला कोणी सापडलं नाही. इथं भिंत दाखवली की जो तो 'वॉटरप्रूफिंग मारून देतो' म्हणतो आणि डबा-ब्रश घेऊन उभा राहतो. भिंत ओली का आहे, हे कुणी विचारत नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि जीएसटी धरून पॅकेज साडेचौदा हजारांना पडलं. ओल, बुरशी, हवा आणि एक ॲस्बेस्टॉसचा (सिमेंटच्या पत्र्यांत घालतात ते तंतूंचं खनिज) नमुना, एवढं त्यात धरलेलं.

आमचं घर गावभागात, आजोबांच्या वेळचं. खालच्या भिंती पांढऱ्या मातीतल्या, वर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. २००५ ला पुराचं पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा खालचा मजला छातीएवढ्या पाण्यात होता. २०२१ ला परत घोट्याच्या वर. २०१९ नंतर कंत्राटदारानं गल्लीतल्या बहुतेक घरांना दिलं तेच आम्हालाही दिलं: सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर प्लॅस्टिक पेंट. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटायला लागले. आईला दमा. पावसाळ्यात खालच्या खोलीत झोपली की रात्रभर ढास लागते, म्हणून हा सगळा उद्योग.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर असतो. मालातली ओल हा आमचा रोजचा वादाचा विषय, त्यामुळं मीटर घेऊन येणाऱ्या माणसाकडं मी जरा संशयानंच बघतो. आलेला पोरगा पंचविशीतला, बोलण्यावरनं इचलकरंजीकडचा. चहा नको म्हणाला आणि थेट, 'काका, बाहेरनं सुरुवात करूया.' अर्धा तास तो घरात आलाच नाही. पन्हळ कुठं सांडते, परसातलं पाणी कुठल्या अंगाला वाहतं, शेजारच्यांची न्हाणी आमच्या भिंतीला कुठं टेकते, सगळं बघून फोटो काढले.

मग मीटर. दोन सुया भिंतीला टेकवायच्या, आकडा येतो. मी विचारलं, 'ही टक्केवारी का?' तो म्हणाला, 'लाकडाला टक्केवारी धरा. विटामातीला हा नुसता तुलनेचा आकडा, काका.' हे त्यानं लपवलं नाही, तिथंच माणूस पटला. जमिनीपासून फूटफूट अंतरावर पेन्सिलीनं खुणा करत तो वर सरकला. तीन फुटांपर्यंत आकडे चढे, मग घसरत गेले, चौथ्या फुटाला भिंत कोरडी. कपाट ओढून काढलं आणि त्यामागं सहा फुटांवर आकडा पुन्हा उसळला.

कपाटामागं पांढरंही होतं आणि काळंही. आम्ही दोन्हीला बुरशीच म्हणत होतो. त्यानं पांढऱ्यावर ओला फडका टेकवला, ते विरघळून गेलं. 'हा लोणा. मीठ आहे, बुरशी न्हाई.' काळ्याला टेकवला तर ते फासलं, फडक्याला डाग आला आणि तोच कुबट वास नाकात गेला. मग समजावून सांगितलं. पुराच्या पाण्याबरोबर आणि जमिनीतनं वर चढणाऱ्या ओलीबरोबर क्षार भिंतीत येतात. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतात, आणि मीटरही क्षारांमुळं आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. म्हणजे खालचे तीन फूट एक दुखणं, सहा फुटांवरचा डाग वेगळंच दुखणं. त्या दुसऱ्याचा माग वरच्या मजल्यावरच्या मोरीत लागला. पाइप स्लॅबमधनं उतरतो तिथला सांधा गेलेला. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात तो पट्टा निळा दिसला. कॅमेरा नुसता गारवा दाखवतो, पाणी दाखवत नाही, असं म्हणून त्यानं तिथं परत सुया टेकवून खात्री केली. एवढ्यासाठीच मी साडेचौदातले पाच-सहा हजार आनंदानं दिले असते.

बुरशीचा हवेतला नमुना ही मात्र पैशाची नासाडी. छोटी डबी पंपाला लावायची, मिनिटाला १५ लिटर हवा पाच मिनिटं ओढायची, आतल्या चिकट काचेवर जे बसेल ते लॅबमध्ये मोजायचं. एक नमुना घरातला, एक बाहेरचा, कारण बाहेरच्याशी ताडून बघितल्याशिवाय आतल्या आकड्याला अर्थ नाही. रिपोर्टात आलं: ॲस्परजिलस/पेनिसिलियम गट, 'वाढीव'. बुरशीचे हे दोन प्रकार एकत्र लिहितात, कारण नुसते बीजाणू बघून त्यांच्यात फरक करता येत नाही. पण वाढीव म्हणजे कशापेक्षा? घरात किती बुरशी चालते याची आरोग्यावर आधारलेली मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनंसुद्धा ठरवलेली नाही. डोळ्याला दिसतेय, नाकाला कळतेय, तर मोजून काय करायचं? अमेरिकेची पर्यावरण संस्थाही हेच सांगते की बुरशी दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरज नसते. शिवाय आकडा त्या पाच मिनिटांचा. दार उघडलं, पंखा लावला की बदलला.

हवेचं दुसरं यंत्र मात्र कामाचं निघालं. बारीक धुळीचा, म्हणजे पीएम २.५ चा आकडा (एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ) दुपारी खोलीत चाळिशीच्या आसपास होता. संध्याकाळी आईनं तिन्हीसांजेची उदबत्ती लावली, धुपाटण्यात निखारा घेऊन घरभर धूप फिरवला आणि आकडा तीनशेच्या पुढं. आपल्याकडं बाहेरच्या हवेसाठी २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. आई यंत्राकडं बघून म्हणाली, 'आता देवालाबी धूप दाखवायचा न्हाई व्हय रं?' पोरगा हुशार. 'दाखवा की आज्जी. खिडकी उघडी ठेवून दाखवा, आन् झोपायच्या खोलीत न्हेऊ नका.' आई तयार झाली. मी हेच सांगितलं असतं तर दोन दिवस अबोला धरला असता.

खिडकी बंद, माणसं आत असताना कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार) बराच वर गेला. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. एवढ्यानं विषबाधा होत नाही, पण खोलीतली हवा बदलत नाही हे त्यावरनं कळतं. हवा कोंडली की ओलही कोंडते.

पॅकेजमध्ये नसलेली एक गोष्ट त्यानं स्वतःहून केली. खालच्या मोरीत गॅस गिझर आहे, आत बसवलेला, धूर बाहेर जायला नळी नाही. दार लावून त्यानं गिझर चालू केला, यंत्र आत ठेवलं आणि स्वतः बाहेर थांबला. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढायला लागल्यावर बंद करून दार सताड उघडलं. या वायूला वास नाही, रंग नाही. गिझरमुळं न्हाणीघरात माणसं दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात त्या याच कारणानं. 'बुरशीचं नंतर बघा काका, हे पयलं भाईर काढा,' म्हणाला. रिपोर्टात ही बाब कुठं होती? अकराव्या पानावर, 'इतर निरीक्षणे' खाली, दोन ओळी. पहिल्या पानावर कंपनीचा लोगो आणि हसऱ्या कुटुंबाचा फोटो.

ॲस्बेस्टॉसचा नमुना परसातल्या शेडचा. वडिलांनी घातलेले सिमेंटचे पत्रे, आता ती शेड पाडून गाडी लावायला जागा करायची आहे. त्यानं मास्क लावला, तुटक्या कडेवर साबणाचं पाणी फवारलं, पकडीनं अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा काढला आणि एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्यांत बंद केला. लॅबचं उत्तर: क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस. आपल्याकडं या पत्र्यांवर आजही बंदी नाही. शेड उभी आहे, पत्रा धड आहे तोवर घाबरायचं कारण नाही. धोका कापताना, भोक पाडताना, फोडताना उडणाऱ्या तंतूंचा. ते फुप्फुसात बसले तर कॅन्सर व्हायला वीस-तीस, चाळीस वर्षंही लागतात, त्यामुळं आज शिंक आली नाही म्हणून सुटलो असं नसतं. आमचा गवंडी 'ग्राइंडर लावून दुपारपर्यंत मोकळं करतो' म्हणत होता. त्याला रिपोर्ट दाखवून थांबवलं. आता पत्रे ओले करून, नटबोल्ट सोडून, अख्खे उतरवायचे ठरलंय.

उतरवून ठेवायचे कुठं? इथं कंपनीनं हात वर केले. 'अधिकृत संस्थेमार्फत विल्हेवाट लावावी', एवढंच वाक्य. संस्था कोणती, विचारायचं कुणाला, काही नाही. फोन केला तर मॅडमनी तेच वाक्य वाचून दाखवलं.

आणि कोटेशन. अख्ख्या घराला औषधाचा धूर आणि दोन एअर प्युरिफायर, मिळून बेचाळीस हजार. ज्या रिपोर्टात मोरीचा पाइप गळतो असं लिहिलंय, त्याच रिपोर्टाला हे जोडलेलं. पाणी चालू असेल तर बुरशी परत येणारच, आणि मेलेली बुरशीही भिंतीवर राहिली तर दमेकऱ्याला त्रास देते. ती खरवडून काढावी लागते. तपासणारा आणि औषध विकणारा एकच असला की आकडे वाढीवच येणार, असं माझं मत. पोरग्याला विचारलं तर नुसता हसला.

आम्ही केलं ते असं: मोरीचा सांधा दुरुस्त, कपाट भिंतीपासून वीतभर पुढं, खालचा सिमेंटचा गिलावा चार फुटांपर्यंत काढून चुन्याचा, त्यावर चुन्याचाच हात. वरचा डाग परत आला नाही. खाली लोणा अजून फुटतो, पण भिंत आता श्वास घेते, म्हणजे आतली ओल बाहेर सोडते, म्हणून पोपडे धरत नाही. झाडणीनं झाडला की जातो.

कुणाला बोलवायचं असेल तर फोनवरच सांगा: फक्त पाहणी, ओलीची मोजणी आणि गॅसची उपकरणं, हवेतल्या बुरशीचा नमुना नको. मी तसं नंतर विचारलं तर निम्म्यात करू म्हणाले. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो ॲस्बेस्टॉसचाच धरून चाला आणि लॅबचे पैसे वाचवा. नवीन पत्र्यांत बिनॲस्बेस्टॉसचेही येतात आणि दिसायला दोन्ही सारखेच, तिथं तपासणीला अर्थ आहे. आणि बोलवाल ते ऑगस्टमध्ये बोलवा. एप्रिलमध्ये मीटर लावून सांगलीतली कुठलीही भिंत पास होते.