नागपूरला हॉटेल घ्यायचंय: बर्डी, रामदासपेठ, स्टेशनची बाजू, सदर की वर्धा रोड?

नागपूरला येतोय, हॉटेल कुठे घेऊ, असा फोन आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी येतोच, कधी यवतमाळच्या मावशीचा तर कधी पुण्याच्या मामेभावाचा, आणि मी दरवेळी आधी हेच विचारते की काम कुठे आहे ते सांग. म्हणजे हॉस्पिटल आहे, हायकोर्टात तारीख आहे, एअरपोर्टपलीकडच्या मिहानमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या भागात, इंटरव्ह्यू आहे की लग्न आहे, आणि गाडी किती वाजता कुठे उतरवते. बजेटचं नंतर बघू. ॲपच्या नकाशात सगळी हॉटेलं एकमेकांना चिकटून दिसतात हो, पण सकाळी साडेनऊला वर्धा रोडवरून गांधीबागेत जायला बसा म्हणजे कळतं हे शहर किती पसरलंय.

आधी मेट्रोचं समजून घ्या, कारण त्याने निम्मा प्रश्न सुटतो. २०१९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही लाइन पूर्ण झाल्या. ऑरेंज लाइन उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत, आणि ॲक्वा लाइन पूर्व-पश्चिम, प्रजापतीनगरपासून हिंगणा रोडवरच्या लोकमान्यनगरपर्यंत. दोन्ही सीताबर्डीला, म्हणजे आमच्या बर्डीला, मिळतात. त्यामुळे हॉटेल कुठल्या एरियात आहे हे विचारण्याऐवजी कुठल्या मेट्रो स्टेशनजवळ आहे हे विचारा, जास्त खरं उत्तर मिळतं. फक्त मेट्रो रात्रभर नसते, आणि मे महिन्यात दुपारी एक वाजता सातशे मीटर चालणं म्हणजे सातशे मीटर नसतं, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही.

हॉस्पिटलसाठी येणाऱ्यांचं मी थोडं जास्त लिहिते कारण नागपूरला येणारे खूप जण त्याचसाठी येतात, अख्ख्या विदर्भातून, आणि मध्य प्रदेशातून बालाघाट, छिंदवाडा, सिवनीकडूनही. प्रायव्हेट हॉस्पिटलं सगळ्यात दाटीने आहेत ती रामदासपेठ आणि धंतोलीत, एका गल्लीत चार चार. दोन वर्षांपूर्वी काकांचं, म्हणजे मावशीच्या मिस्टरांचं, गुडघ्याचं ऑपरेशन धंतोलीत होतं आणि माझ्या मावसभावाने ॲपवर बघून एअरपोर्टच्याही पुढे खापरीकडे हॉटेल घेतलं, रूम मोठी, फोटो छान, त्याच पैशात नाश्ता. मे महिना. मावशी सकाळी हॉस्पिटलात, दुपारी आंघोळ नि जरा आडवं व्हायला हॉटेलवर, संध्याकाळी परत हॉस्पिटलात, आणि रात्री नर्सने एखादी वस्तू मागितली की पुन्हा तेच, प्रत्येक वेळी ऑटोवाला परत रिकामा यावं लागते म्हणून जास्त पैसे मागायचा, मेट्रोने जा म्हटलं तर हॉटेलपासून स्टेशनपर्यंत सावली नाही. तिसऱ्या दिवशी मावशीलाच चक्कर आली तेव्हा आम्ही सामान उचललं आणि धंतोलीतल्या एका साध्या लॉजवर आणलं, रूम निम्मी, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत, पण हॉस्पिटल पाच मिनिटांवर आणि लिफ्ट होती. मावशी पहिल्यांदा सलग तीन तास झोपली. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते, पेशंटसोबत येत असाल तर स्टार नका मोजू, पावलं मोजा, आणि हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर आधी विचारा की नातेवाईक कुठे थांबतात, त्यांना आजूबाजूच्या खोल्या बरोबर माहीत असतात.

पण थांबा, हॉस्पिटल म्हटलं की रामदासपेठ हे पण डोळे मिटून करू नका. मेयो, म्हणजे इंदिरा गांधी सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, असेल तर ते स्टेशनच्या पूर्वेला सेंट्रल एव्हेन्यूच्या तोंडाशी आहे, तिथे दोसर वैश्य चौक मेट्रोच्या आसपासचं हॉटेल सोयीचं. मेडिकल, म्हणजे दुसऱ्या सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, हे वेगळं, हनुमाननगरकडे, त्याच्या दारात मेट्रो नाही, त्यामुळे मेडिकल चौक किंवा गणेशपेठ-बैद्यनाथ चौकाच्या बाजूला राहा आणि ऑटोने जा. आणि एम्स असेल तर ते मिहानमध्ये आहे, बर्डीपासून पंधराएक किलोमीटर, सकाळच्या ओपीडीची रांग गाठायची तर वर्धा रोडलाच राहायला पाहिजे. जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटचं पण तसंच. म्हणजे मावशीला जे हॉटेल चुकलं तेच एम्सवाल्याला बरोबर बसलं असतं.

आता बर्डी विरुद्ध रामदासपेठ, कारण पहिल्यांदा येणारा माणूस शेवटी या दोघांतच अडकतो. दोन्ही शहराच्या मधोमध, एकमेकांपासून पायी अंतरावर, पण राहायला अगदी वेगळे. बर्डीत मेट्रोचं जंक्शन आहे, शहर बसचं मोरभवन आहे, मेन रोडचं मार्केट आहे, रात्री उशिरापर्यंत खायला मिळतं, एकट्या माणसाला किंवा दोन दिवस खरेदीला आलेल्या बायकांना मी बर्डीच सांगते. त्रास म्हणजे गोंगाट आणि गाडी. स्वतःची कार घेऊन येत असाल तर मेन रोडच्या आतलं हॉटेल घेऊच नका, संध्याकाळी फेरीवाले बसले की माणसाला चालायला जागा नसते तिथे कार काय घालणार, आणि पार्किंग आहे असं लिहिलेलं असलं तरी ते कधी कधी समोरच्या रस्त्याबद्दल असतं. रामदासपेठ त्यामानाने शांत, झाडं आहेत, फुटपाथ आहे, लहान मुलं आणि आईबाबा सोबत असतील तर बरं पडतं, सेंटर पॉइंट आणि तुली इम्पीरियल अशी जुनी मोठी हॉटेलं इथलीच, आणि त्यांच्या आजूबाजूला मधल्या दराची पण बरीच आहेत. पैसे बर्डीपेक्षा जास्त पडतात. कामाला येऊन राहिले आणि कंपनी बिल देते, तर रामदासपेठ, मी दुसरा विचार करत नाही. स्वतःच्या खिशातून चार रात्री असतील तर बर्डीत झाशी राणी चौकाच्या बाजूला बघा, तिथे ॲक्वा लाइनचं स्टेशन पण आहे आणि मेन रोडची गर्दी अंगावर येत नाही.

स्टेशनजवळ हॉटेल पाहिजे असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, कुठल्या बाजूचं? मेन गेट पश्चिमेला, एक नंबर प्लॅटफॉर्मकडे, तिथून टेकडी गणपती, बर्डी, सदर जवळ. दुसरं गेट पूर्वेला, आठ नंबरच्या बाजूला, त्याला आम्ही संत्रा मार्केट म्हणतो, आणि मेट्रोचं रेल्वे स्टेशन पण याच बाजूला आहे. हॉटेलच्या पानावर स्टेशनपासून पाचशे मीटर लिहिलेलं असते ते बरोबरच असते, पण तुम्ही चुकीच्या गेटने बाहेर पडलात तर रुळांना वळसा घालून जावं लागतं आणि पहाटे साडेचारला सामान घेऊन ते नको होतं. पूर्वेकडची हॉटेलं, म्हणजे सेंट्रल एव्हेन्यू, कॉटन मार्केट, आणि थोडं खाली गणेशपेठ, हा शहरातला स्वस्त पट्टा. एक रात्र झोपायचं आणि सकाळची गाडी पकडायची तर यापेक्षा चांगलं काही नाही. गणेशपेठेत एसटीचा मुख्य स्टँड आहे, ट्रॅव्हल्सच्या गाड्या पण त्याच भागातून सुटतात, आणि गांधीसागर तलाव नि रमण विज्ञान केंद्र तिथेच असल्याने मुलांना घेऊन एक दुपार मस्त जाते. पण सगळ्या रूम सारख्या नसतात, काही लॉज खरंच जुने आहेत, रस्त्याकडची खोली मिळाली तर ट्रकचे हॉर्न रात्रभर. घरचे सगळे असतील, तीन-चार दिवस असतील, तर मी इथे पाठवत नाही. दुकानदार माणूस गांधीबागला कापड किंवा इतवारीत सराफ्याला आला असेल तर गोष्ट उलटी, त्याने अग्रसेन चौक नाहीतर चितारओळीच्या मेट्रोजवळ राहावं, त्या गल्ल्यांत कारने जाण्यात काही अर्थ नाही. मारबत बघायला येणाऱ्यांनी पण पूर्वेकडेच राहावं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा तिकडचे रस्ते माणसांनी भरून जातात आणि पश्चिमेकडून गाडीने पोचायचं म्हटलं तर मिरवणूक पुढे गेलेली असते.

एक अजून, पुण्याच्या मामेभावाला हे अनुभवाने कळलं. काही गाड्या नागपूर स्टेशनवरून सुटत नाहीत, अजनीवरून सुटतात, पुण्याची वंदे भारतच घ्या. तिकिटावर काय लिहिलंय ते वाचून मगच स्टेशनजवळचं हॉटेल घ्या. अजनी असेल तर धंतोली, काँग्रेसनगर नाहीतर राहाटे कॉलनीकडचं जास्त जवळ.

वर्धा रोड. या एका नावाने जितका घोळ होतो तितका कशानेच होत नाही. वर्धा रोड हा एरिया नाही हो, तो रस्ता आहे, लोकमत चौकाकडून निघतो तो अजनी चौक, छत्रपती चौक, सोमलवाडा, एअरपोर्ट, खापरी, जामठा करत बुटीबोरीला जातो, आणि या सगळ्यावरची हॉटेलं पत्त्यात नुसतं वर्धा रोड लिहितात. छत्रपती चौकाजवळचं हॉटेल शहरात आहे, मेट्रोने बर्डी चार-पाच स्टेशनं. खापरीच्या पुढचं हॉटेल म्हणजे तुम्ही हायवेवर राहून राहिले. दोन्ही वाईट नाहीत, कशासाठी ते ठरवा. पहाटेची फ्लाइट असेल तर एअरपोर्टसमोर प्राइड हॉटेल आहे, आणि आजूबाजूला लहान हॉटेलं पण झालीत. फक्त एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, सामान जास्त असेल तर तेवढ्यासाठी ऑटो धरावाच लागतो. मिहानमधल्या टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलमध्ये काम असेल, समृद्धीने संभाजीनगर-मुंबईकडून कार घेऊन येत असाल, जामठ्याला क्रिकेटची मॅच असेल, तर शहरात शिरायचंच नाही, इथेच राहायचं. मॅचचं मात्र आधीच सांगते, सामना संपल्यावर तो रस्ता तासन् तास हलत नाही, जामठ्याच्या जितकं जवळ तितकं बरं आणि तेवढ्याच लवकर रूम संपतात. डबल डेकर पूल झाल्यापासून थ्रू ट्रॅफिक वरून जातं ते चांगलंच झालं, पण पुलावर चढलात की मधल्या हॉटेलला उतरता येत नाही, म्हणून ड्रायव्हरला आधीच सांगा खालून घे म्हणून. आणि संध्याकाळी पायी फिरू, चार ठिकाणी खाऊ असं मनात असेल तर एअरपोर्टच्या पुढे राहून ते होणार नाही.

सदर आणि सिव्हिल लाइन्स एकत्रच बघा. हायकोर्टाचं खंडपीठ, विधानभवन, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, बहुतेक सरकारी कामं सिव्हिल लाइन्सला, आणि राहायची, खायची सोय सदरला. तारखेला येणाऱ्या माणसाने सदरला, कस्तुरचंद पार्क मेट्रोच्या बाजूला राहिलं तर सकाळी घाई होत नाही. सिव्हिल लाइन्समध्येच हॉटेल मिळालं तर सुंदर, इतकी झाडं शहरात दुसरीकडे नाहीत, पण अंधार पडल्यावर तिथे दुकानं नाहीत, ऑटो लवकर दिसत नाही, बाई एकटी असेल तर मी सदरच म्हणीन. पेंचला जाणाऱ्यांना पण सदर बरं, सकाळी कामठीकडून जबलपूर रोडला लागायला सोपं. ताडोब्याला जाणाऱ्यांनी दक्षिणेला राहावं, पहाटेच्या सफारीच्या दिवशी अर्धा तास म्हणजे खूप असतो.

धरमपेठ मला स्वतःला सगळ्यात आवडतं, गोकुळपेठेचा बाजार, खाण्याची दुकानं, अंबाझरी नि फुटाळा जवळ. हॉटेलं कमी आहेत, तीच अडचण. व्हीएनआयटीला किंवा हिंगणा एमआयडीसी, वानाडोंगरीच्या कॉलेजात परीक्षेला मुलगा-मुलगी घेऊन येताय तर शंकरनगर, एलएडी चौक या स्टेशनांच्या आसपास बघा, ॲक्वा लाइन थेट तिकडे जाते.

तारखा बघून घ्याव्याच लागतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चे, सगळे येतात आणि सदर, रामदासपेठ, बर्डी आधीच भरतात, त्या दिवसांत काम नसेल तर आठवडा पुढे ढकला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली म्हणून. त्यासाठीच येत असाल तर राहाटे कॉलनी, काँग्रेसनगर, रामदासपेठ असं कुठेही चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहा, कारण त्या दिवशी आसपासचे रस्ते गाड्यांना बंद असतात आणि चालणं हेच खरं. बुकिंग मात्र खूप आधी करायला पाहिजे.

उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिलपासून ते नवतपा (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत, एरियाच्या आधी एसी बघा. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. स्वस्त लॉजमध्ये कूलर असतो, मे महिन्यात तो चालून जातो पण पहिला पाऊस पडून दमट झालं की कूलरमध्ये झोप येत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावरची रूम नकोच म्हणा, स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो.

आणि ॲपवर पैसे भरायच्या आधी हॉटेलला एक फोन कराच. जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं, रूम रस्त्याकडे आहे की मागे, लाइट गेली तर जनरेटरवर एसी चालते का, लिफ्ट आहे का, आणि पहाटे आलो तर रूम देणार की बारापर्यंत बसवणार. माझी मावशी आता हे पाचही प्रश्न स्वतः विचारते, मागच्या महिन्यात काकांना दाखवायला आली तेव्हा धंतोलीची रूम तिनेच फोनवर ठरवली, मागच्या बाजूची, दुसऱ्या मजल्यावरची.