‘लाइफटाइम लायसन्स’ लावलेला सर्व्हर दोन महिन्यांनी का उठत नाही

कोटेशनवर एक ओळ असते: ‘व्हीएमवेअर ईएसएक्सआय इन्स्टॉलेशन, लाइफटाइम लायसन्ससह, ४ व्हर्च्युअल मशीन’. ईएसएक्सआय म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर. सीएचं ऑफिस, छोटा कारखाना, पतसंस्था अशा ठिकाणी सर्व्हरमधलं कुणाला कळत नसतं, पण टॅली बंद पडलं की अख्खा दिवस बुडतो. तिथे हे कोटेशन सहज मंजूर होतं. माणूस येतो, पेनड्राइव्ह लावतो, अर्ध्या दिवसात चारही मशीन चालू करून दाखवतो, उरलेली रक्कम घेऊन जातो. दोन-अडीच महिने सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या रविवारी लाईट जाते, यूपीएसची बॅटरी उतरते. सोमवारी सर्व्हर चालू होतो, पण आतली एकही मशीन उठत नाही. ‘पॉवर ऑन’ दाबलं की लायसन्सची मुदत संपल्याचा निरोप येतो.

ईएसएक्सआय चाचणी म्हणून टाकलं की ६० दिवस सगळ्या सोयींसकट चालतं. मुदत संपली तरी चालू असलेल्या मशीन बंद पडत नाहीत, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. फक्त एकदा बंद झालेली मशीन पुन्हा चालू करता येत नाही. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. सर्व्हर महिनोन्‌महिने बंद होत नाही, तोवर पैसे पचलेले असतात.

खरं तर ‘लाइफटाइम’ हा शब्द दिसला तिथेच थांबायला हवं. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद केली. त्यानंतर नवीन मिळतं ते ठरावीक मुदतीचं वर्गणीचं लायसन्स. फुकट आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आली. म्हणजे आज कुणी नवं लाइफटाइम लायसन्स विकत असेल, तर ते एक तर फुकटचं आहे, नाही तर चोरीचं.

तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती शेवटचा हप्ता देण्याआधी करायची. ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी टाका, रूटने (सर्व्हरच्या मुख्य खात्याने) लॉगिन करा, डावीकडे ‘मॅनेज’ आणि वर ‘लायसन्सिंग’. रूटचा पासवर्ड द्यायला माणूस टाळाटाळ करत असेल तर पैसे तिथेच रोखा. त्या पानावर ‘इव्हॅल्युएशन मोड’ दिसलं तर विषय संपला. ‘एक्स्पायरेशन’समोर ‘नेव्हर’ दिसलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण इंटरनेटवरून उचललेली लायसन्स-की (लायसन्सचा क्रमांक) टाकली तरी तिथे ‘नेव्हर’च दिसतं. खरं लायसन्स ब्रॉडकॉमच्या सपोर्ट पोर्टलवर तुमच्या कंपनीच्या नावाच्या खात्यात दिसायला हवं, विक्रेत्याच्या खात्यात नाही. ते पान तुमच्या ईमेलने लॉगिन करून, समोर बसून उघडायला लावा. मग चारही मशीन रीतसर शटडाउन करून सर्व्हर रीस्टार्ट करायला लावा.

पण हा रीस्टार्ट पहिल्या ६० दिवसांत काहीच सिद्ध करत नाही. मुदत बाकी असताना मशीन छान उठतात, आणि ‘बघा, चाललं ना’ म्हणून तुमच्याच चाचणीचा दाखला दिला जातो. भरवसा पोर्टलवरच्या नोंदीवर ठेवायचा.

फुकट आवृत्ती टाकून तिचं बिल लावणं हा त्याहून गुळगुळीत प्रकार. तिची मुदत संपत नाही, त्यामुळे बोंब लवकर होत नाही. पण एका मशीनला ८ पेक्षा जास्त व्हर्च्युअल सीपीयू देता येत नाहीत, आणि बॅकअप सॉफ्टवेअरला थेट ईएसएक्सआयकडून मशीनचा बॅकअप घ्यायला लागणारा दरवाजा बंद असतो. डेमोच्या दिवशी चाचणी आवृत्तीवर बॅकअप होऊन दाखवला जातो, नंतर फुकटची लायसन्स-की टाकली जाते आणि त्या रात्रीपासून बॅकअप फेल. प्रॉक्समॉक्सचंही असंच. ते याच कामाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, वापरायला लायसन्स विकत घ्यावं लागत नाही. पैसे लागतात ते सपोर्टच्या वर्गणीला, आणि ती सीपीयू सॉकेटमागे असते. बिलात ‘प्रॉक्समॉक्स लायसन्स’ लिहिलंय आणि लॉगिन करताच वर्गणी नसल्याची सूचना येतेय, तर ते पैसे गेले.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ‘रोज ऑटोमॅटिक बॅकअप’ या ओळीने होतं. पुष्कळदा तो बॅकअप नसतो, स्नॅपशॉट असतो. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाईल तिथेच गोठते आणि पुढचा प्रत्येक बदल वेगळ्या डेल्टा फाईलमध्ये जातो. दोन्ही त्याच सर्व्हरच्या, त्याच डेटास्टोअरवर, म्हणजे मशीनच्या फाईल ठेवायच्या जागेवर. डिस्क गेली की दोन्ही गेल्या. व्हीएमवेअरची सूचना एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका अशी आहे. साखळी ३२ पर्यंत चालते, पण दोन-तीनच्या पुढे नेऊ नका असंही सांगितलं आहे. रोज एक लावत गेलं की डेल्टा फुगत जातात, मशीन मंदावते, आणि डेटास्टोअर भरला की चालती मशीन मध्येच थांबते. त्यात ९६० जीबीच्या एसएसडीवर थिन पद्धतीने (जागा आधी न अडवता, लागेल तशी देत) ५०० जीबीच्या चार डिस्क वाटलेल्या असतात, म्हणजे कागदावर २,००० जीबी. त्यामुळे डेटास्टोअर भरायची वेळ लवकरच येते. मशीनवर राइट क्लिक करून स्नॅपशॉट मॅनेजर उघडा. यादी लांबलचक असेल तर तोच तुमचा ‘बॅकअप’.

हार्डवेअरकडेही एक नजर टाका. ८ कोरचा प्रोसेसर हायपरथ्रेडिंगमुळे १६ दिसतो आणि १६ कोर म्हणून खपवला जातो. नव्या म्हणून दिलेल्या डिस्कच्या स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच ठेवते त्या नोंदीत) ‘पॉवर ऑन अवर्स’ पाहा: वर्षाचे ८,७६० तास होतात, आकडा २६,००० असेल तर ती तीन वर्षं कुठेतरी राबून आली आहे. आतल्या विंडोज सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये slmgr /dlv ही कमांड चालवा. ‘इव्हॅल्युएशन’ दिसलं तर ती १८० दिवसांची चाचणी प्रत आहे. ‘व्हॉल्यूम केएमएस’ (कंपनीच्या सर्व्हरवरून लायसन्स चालू करायची पद्धत) आणि खाली अनोळखी सर्व्हरचा पत्ता दिसला तर ती क्रॅक केलेली आहे. शिवाय विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका पूर्ण लायसन्सवर दोनच व्हर्च्युअल मशीन बसतात, चार नाही.

चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली वापरणाऱ्याचाही गुन्हा आहे. म्हणून कळल्या दिवशीच विक्रेत्याला लेखी कळवा. कोटेशन, जीएसटी बिल, व्हॉट्सॲपवरचे निरोप, लायसन्सच्या पानाचा तारखेसह फोटो, सगळं जपून ठेवा. पोलिसांत द्यायची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, फसवणुकीची.

मशीन अजून चालू असतील तर काहीही बंद करू नका. आधी प्रत्येक मशीनच्या आतून टॅलीचा डेटा आणि डेटाबेसचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. मशीन आधीच पडल्या असतील तरी घाबरू नका, त्यांच्या फाईल डेटास्टोअरवर शाबूत असतात. घात होतो तो दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या हातून, आणि पुष्कळदा तो आधी पैसे घेऊन गेलेला तोच माणूस असतो. ईएसएक्सआय पुन्हा टाकताना इन्स्टॉलर जुना डेटास्टोअर दिसला की विचारतो: तसाच ठेवू की पुसून टाकू? पर्याय ‘प्रिझर्व्ह व्हीएमएफएस डेटास्टोअर’ हाच निवडायचा. ‘ओव्हरराइट’वर एन्टर पडला की सगळं गेलं. त्या घडीला स्क्रीनसमोर स्वतः उभे राहा. त्यानंतर डेटास्टोअर ब्राउझरमधून प्रत्येक मशीनची व्हीएमएक्स (मशीनच्या सेटिंगची) फाईल रजिस्टर करायची. पहिल्यांदा चालू करताना मशीन हलवली की कॉपी केली असं विचारलं तर ‘आय मूव्ह्ड इट’ म्हणायचं. ‘कॉपी’ म्हटलं तर मॅक ॲड्रेस आणि यूयूआयडी हे मशीनचे ओळख क्रमांक बदलतात, आणि त्यांना बांधलेली सॉफ्टवेअरची खरी लायसन्सही तुटतात.