सीडर पॉइंट: उंचीला भुलू नका, रांग आणि सीट नीट निवडा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सँडस्की नावाचं गाव आहे. तिथून ईरी सरोवरात शिरलेल्या चिंचोळ्या भूशिरावर सीडर पॉइंट हे पार्क वसलंय. १८७० मध्ये इथे पोहायला आणि सहलीला येणाऱ्यांसाठी किनारा सुरू झाला आणि तेव्हापासून ही जागा करमणुकीचीच राहिली. क्लीव्हलंडहून अंतर साधारण १०० किलोमीटर, डेट्रॉइट आणि कोलंबसहून गाडीने दोनेक तास, शिकागोहून पाचच्या आसपास. त्या भागातल्या मराठी घरांत उन्हाळी सुट्टीचा बेत ठरताना हे नाव निघतंच, आणि मग हमखास प्रश्न येतो: एवढे पैसे मोजून जाण्यासारखं आहे का?

रोलर कोस्टरसाठी जायचं असेल तर डोळे झाकून जा. दीड डझनाच्या आसपास कोस्टर, त्यातले चार-पाच जगात कुठेही उभे केले तरी मान मिळेल असे. पण ऑरलँडोच्या डिस्ने पार्कांसारखी सजावट, गोष्टी सांगणाऱ्या राइड, वातानुकूलित रांगा डोक्यात असतील तर निराशा पदरी पडेल. इथे लोखंड आहे, वारा आहे आणि ऊन आहे.

जाहिरातीत सगळ्यात ठळक असते ती उंची, आणि पहिल्यांदा येणारा नेमका तिथेच चुकतो. ४२० फुटांचा ‘टॉप थ्रिल २’ लांबूनच दिसतो, म्हणून सकाळी सगळे तिकडे वळतात. मात्र या पार्कातली सगळ्यात चांगली मिनिटं १०५ आणि २०५ फुटांवर मिळतात.

आधी त्या २०५ फुटांबद्दल. ‘स्टील व्हेंजन्स’ २०१८ मध्ये सुरू झाला. त्याआधी त्याच जागी ‘मीन स्ट्रीक’ नावाचा १९९१ चा लाकडी कोस्टर होता, अंग खिळखिळं करणारा. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने त्याचा बराचसा लाकडी सांगाडा ठेवला आणि वर पोलादी रूळ बसवले. पहिला उतार ९० अंशांचा, वेग ताशी ११९ किलोमीटर, लांबी पावणेदोन किलोमीटर आणि चार वेळा उलटं होणं. पण याची खरी ताकद एअरटाइममध्ये आहे. टेकाडावरून ट्रेन झपकन खाली वळते, शरीर मात्र वरच जायला बघतं आणि मांड्या त्यांच्यावरच्या दांड्यावर, म्हणजे लॅप बारवर, दाबल्या जातात. पोटात गोळा येतो तो हाच. एका फेरीत असे २७ सेकंद मिळतात असा पार्कचा दावा आहे, आणि बसून आलेला माणूस त्यावर वाद घालत नाही. कमाल म्हणजे ट्रेन लाकडाच्या जंगलातून, आपल्याच सांगाड्याच्या पोटातून जाते. डोकं तुळईला लागेल असं वाटत राहतं. लागत नाही, पुरेसं अंतर मोजून ठेवलेलं असतं.

याच एअरटाइममुळे या राइडवर खिशाचे नियम कडक आहेत. उडालेला फोन खाली कोणाच्या तरी डोक्यात बसू शकतो. फोन, किल्ल्या, टोपी, सगळं लॉकरमध्ये किंवा न बसणाऱ्या माणसाकडे द्या आणि मगच रांगेत शिरा. अर्ध्या रांगेतून परत पाठवलं तर तास वाया जातो. कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका, ते ऐकत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरा ‘मॅव्हरिक’, २००७ चा. उंची फक्त १०५ फूट, म्हणून नकाशावर कोणाचं लक्ष जात नाही. पहिला उतार ९५ अंशांचा, म्हणजे काटकोनाच्याही आत वळलेला. चढणीवर साखळी नाही. चुंबकीय मोटर ट्रेनला वर ढकलतात आणि मध्यावर बोगद्यात दुसऱ्यांदा झटका देऊन ताशी ११३ किलोमीटरपर्यंत नेतात. वळणं इतकी भराभर येतात की पुढच्यासाठी तयार व्हायला वेळच मिळत नाही. सुरू होण्याआधीच्या चाचण्यांत त्यातली एक गिरकी गाड्यांवर फार ताण आणते असं दिसलं, म्हणून तो तुकडा काढून सरळ रूळ बसवले गेले. आज बोगद्यानंतर एक क्षण शांत जातो तो त्यामुळे. अडचण एकच: एका ट्रेनमध्ये १२ माणसं. मिलेनियम फोर्समध्ये ३६ बसतात. त्यामुळे समोर दिसणारी रांग छोटी असली तरी ती सरकते कासवाच्या गतीने. मॅव्हरिक सकाळच्या पहिल्या तासात उरकायचा, नाहीतर पाऊण दिवस त्याचीच वाट बघण्यात जातो.

‘मिलेनियम फोर्स’ २००० साली आला तेव्हा पूर्ण फेरी मारणारा (म्हणजे त्याच वाटेने मागे न येता गोल फिरून परतणारा), ३०० फुटांपलीकडे गेलेला तो जगातला पहिला कोस्टर होता. उंची ३१० फूट, उतार ८० अंश, वेग ताशी १५०. इतक्या उंचीला नेहमीची साखळी जड आणि संथ पडली असती, म्हणून पोलादी दोराने ट्रेन ४५ अंशांच्या चढणीवर ओढली जाते. वर पोहोचेपर्यंत डाव्या-उजव्या बाजूला सरोवर, आणि मग एकदम खाली. यात एअरटाइम फारसा नाही. इथे मजा वेगाची आहे, झुकलेल्या वळणांची आहे. पहिल्या उताराच्या तळाशी रक्त पायांकडे खेचलं जातं आणि काहींच्या डोळ्यांपुढे क्षणभर करडा पडदा येतो. उपाय साधा आहे: उन्हात पाणी पीत राहा आणि तळाशी पोचताना मांड्या-पोटऱ्या आवळून धरा. आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. याचे सीटबेल्ट आखूड आहेत. पोट सुटलेल्या माणसाला तासभर उभं राहून प्लॅटफॉर्मवर माघारी फिरणं फार लागतं. प्रवेशाजवळ चाचणीची सीट ठेवलेली असते, तिथे आधीच बसून बघा.

आता सीटबद्दल. सगळे पुढची रांग मागतात. मिलेनियम फोर्सवर ते योग्य आहे, कारण तिथे वारा आणि दृश्य हेच मुख्य. बाकी बऱ्याच ठिकाणी शेवटची रांग सरस. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागचे डबे अजून चढणीवर असतात, त्यामुळे ट्रेन हळू असते. शेवटचा डबा माथ्यावर येतो तोवर पुढच्यांनी वेग धरलेला असतो आणि मागच्यांना वरून अक्षरशः उपटून खाली नेलं जातं. स्टील व्हेंजन्स आणि मॅव्हरिकवर मागे बसा. २०१६ च्या ‘व्हॅलरेव्हन’वर एका रांगेत आठ जण असतात आणि ९० अंशांच्या कड्यावर ट्रेन काही सेकंद अडवून धरतात. तिथे लटकून खाली बघायचं असेल तर पुढची रांग, खेचलं जायचं असेल तर तिसरी.

‘मॅग्नम’ वेगळ्या परिच्छेदाचा मानकरी आहे. १९८९ मध्ये २०० फुटांची वेस ओलांडणारा हा पूर्ण फेरीचा पहिला कोस्टर. तेव्हाच्या मानाने ताशी ११६ किलोमीटर म्हणजे अचाटच. परतीच्या वाटेवरची टेकाडं गोलाईदार नाहीत, जवळजवळ त्रिकोणी आहेत. त्या काळात आकार आजच्यासारखे संगणकावर घासूनपुसून काढले जात नसत. त्यामुळे माथ्यावर ट्रेन धाडकन खाली कोसळते. पहिल्या डब्यातली तिसरी रांग त्यासाठी शौकिनांत प्रसिद्ध आहे, आणि मांड्यांवर काळेनिळे वळ तिथेच उठतात. बार बसवताना तो मांडीला नीट टेकेल इतका खाली घ्या. सैल ठेवला तर प्रत्येक टेकाडावर शरीर उडून बारवर आपटतं, आणि पोटावर आवळला तर श्वास कोंडतो. पाठीचं दुखणं असलेल्यांनी हा टाळावा. तरीही इतिहासाची आवड असेल तर याला पर्याय नाही. सरोवराच्या काठाने जाणारी ही धाव अजून जुनी झालेली नाही.

राहिला तो उंच मनोरा. २००३ चा ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ ४०० फुटांपलीकडे गेलेला पहिला कोस्टर होता. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचा धातूचा तुकडा सुटून रांगेतल्या एका बाईंना लागला आणि राइड बंद झाली. नव्या रूपात ‘टॉप थ्रिल २’ मे २०२४ मध्ये आला, आठवड्याभरात थांबला, आणि मग थेट २०२५ च्या हंगामात परतला. आता ट्रेन आधी पुढे सुटते, माथ्यापर्यंत न पोचता परत येते, मग उलट दिशेने मागच्या ४२० फुटी खांबावर चढते आणि तिसऱ्या झटक्यात ताशी १९३ किलोमीटरने मनोरा पार करते. मागे चढून खाली तोंड करून थांबण्याचा तो क्षण जबरदस्त आहे, यात शंका नाही. पण सगळा खेळ थोडक्यात आटोपतो, बिघाड वरचेवर होतात आणि सरोवरावरून जोराचा वारा सुटला की सगळ्यात आधी जे मनोरे बंद होतात त्यांत हा असतो. सुरू दिसला तर बसा. त्याच्यासाठी दिवस गहाण टाकू नका.

जून २०२५ मध्ये उघडलेल्या ‘सायरन्स कर्स’चीही तीच गत. १६० फुटांवर ट्रेन तुटक्या रुळाच्या टोकाशी थांबते, तो रूळ ट्रेनसकट खाली झुकतो आणि पुढच्या रुळाला जुळतो. पहिल्या काही आठवड्यांत ती अनेकदा वर अडकली. अशा यंत्रात रूळ नीट जुळल्याची आणि कुलूपबंद झाल्याची खात्री पटल्याशिवाय ट्रेन सुटत नाही, म्हणून जरा शंका आली की सगळं थांबतं. वर अडकणं भीतीदायक वाटतं खरं, पण यंत्रणा आपलं काम करत असल्याचंच ते लक्षण. इतर कोस्टरही रुळांच्या टप्प्यांत विभागलेले असतात आणि एका टप्प्यात एकच ट्रेन असते. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर चढणीवरच थांबवतात.

१९९४ चा ‘रॅप्टर’ रुळाखाली पाय लोंबकळत नेतो. डोकं मागे टेकवून ठेवा, मोठे झुमके आधी काढा, नाहीतर खांद्यावरच्या बारवर कान आपटतो. ओढणी, लांब मंगळसूत्र, सैल चपला याही बाबतीत हेच. चष्म्याला मागून पट्टी लावा.

पार्क लांबट आहे आणि मुख्य दार एका टोकाला, २०१३ च्या ‘गेटकीपर’च्या खाली. आत येणारी गर्दी तिथेच रॅप्टर आणि व्हॅलरेव्हनला चिकटते. तुम्ही थेट मागे चालत जा, वीसेक मिनिटं लागतील. स्टील व्हेंजन्स आणि मॅव्हरिक मागच्या बाजूला आहेत. ‘हॉटेल ब्रेकर्स’ या १९०५ च्या हॉटेलात उतरलेल्यांना लवकर प्रवेश मिळतो आणि किनाऱ्याकडच्या दाराने आत येता येतं. किती राइड लवकर उघडतात ते दरवर्षी बदलतं, म्हणून खोली घेण्याआधी तेवढं तपासा. दुपारी रांगा वाढल्या की पुढच्या दाराकडे परत या. मिलेनियम फोर्स शेवटासाठी ठेवा: बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत असलेल्यांना साधारणपणे बसवतात, आणि दिवसभर चाकं, बेअरिंग तापल्याने गाड्या संध्याकाळी सकाळपेक्षा जोरात धावतात.

मे-जूनमध्ये सरोवरावरून चिलटांचे आणि मेफ्लायचे थवे येतात. चावत नाहीत, पण ताशी १५० च्या वेगाने गालावर बसले की कळतं. तोंड मिटून ओरडायला शिका.

खाण्याची बाजू लंगडी. शाकाहाऱ्यांसाठी चीज पिझ्झा, फ्राइज, प्रेट्झेल यांच्यापुढे गाडी फारशी जात नाही, आणि दर चढे. फ्राइज चिकनच्याच तेलात तळतात का ते विचारून घ्या. बाहेरचे डबे आत नेऊ देत नाहीत, पण दारावर विचारून बाहेर येऊन परत जाता येतं, म्हणून दशम्या-चटणी गाडीतल्या थंड पेटीत ठेवा. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड हवं. पोट गच्च भरून बसू नका आणि रिकाम्या पोटीही नको, दोन्हींनी मळमळतं. मळमळीची गोळी राइडवर बसल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते, आणि झोप येते.

सोबत आई-वडील असतील तर वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे, मोठा पाळणा, किनारा आणि ‘सीडर डाउन्स’ हा शर्यतीच्या घोड्यांचा जुना दुर्मिळ मेरी-गो-राउंड एवढ्यात त्यांची दुपार छान जाते. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी कोस्टरच्या वाटेला जाऊ नये. मुलांची उंची दाराशी मोजून मनगटाला पट्टी बांधून घ्या. मिलेनियम फोर्सला १२२ सेंटिमीटर लागतात, स्टील व्हेंजन्स आणि मॅव्हरिकला १३२, रॅप्टरला १३७. टाच उंचावून कोणी फसत नाही.

रांग चुकवणारा ‘फास्ट लेन’ पास त्या दिवसाच्या गर्दीप्रमाणे महाग-स्वस्त होतो. ऑक्टोबरच्या शनिवारी हॅलोविनची झुंबड असते, तेव्हा त्याशिवाय जाण्यात अर्थ नाही. ऑगस्टच्या शेवटी शाळा सुरू झाल्यावरच्या कामाच्या वारी मात्र तेच पैसे पाण्यात. विकत घेण्याआधी यादीत टॉप थ्रिल २ आणि सायरन्स कर्स आहेत की वेगळे मोजावे लागतात, हे बघूनच कार्ड पुढे करा.