फर्नक्लिफ समाधिगृह, हार्ट्सडेल: एड सलिव्हन यांना भेटायचे असेल तर

न्यूयॉर्कला आलेले पाहुणे ब्रॉडवेवरील एड सलिव्हन थिएटरच्या पाटीखाली हौसेने छायाचित्रे काढतात. पाटीवरचे ते गृहस्थ, म्हणजे अमेरिकी दूरचित्रवाणीवरील गाजलेल्या मनोरंजन कार्यक्रमाचे निवेदक, विसावले कोठे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आम्ही न्यू जर्सीतील एडिसनहून मुद्दाम गेलो. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर हार्लेम मार्गाची गाडी धरून हार्ट्सडेलला उतरावे आणि पुढे टॅक्सी करावी. सलिव्हन १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातच जन्मले, तेव्हा ही गाडी वाटेत त्यांच्या जन्मगावीही थांबते म्हणायची.

फर्नक्लिफ दफनभूमीतील हे समाधिगृह १९२८ सालचे आहे. लांब, थंड बोळांच्या दोन्ही भिंतींत, बँकेतील लॉकर असावेत तसे संगमरवरी कप्पे एकावर एक रचलेले आहेत आणि अशाच एका कप्प्यात सलिव्हन आहेत. पुतळा किंवा छत्री शोधत आलेल्याची निराशा होईल. मला स्वतःला हा साधेपणा शोभून दिसला, कारण सलिव्हन यांना ना गाता येत होते, ना नाचता, ना धड हसवता. वृत्तपत्रात सदर लिहिणारा हा माणूस १९४८ ते १९७१ अशी तेवीस वर्षे रविवारी रात्री दूरचित्रवाणीवर खांदे आखडून, हात छातीशी घेऊन उभा राहिला आणि ऑपेरा, कसरतपटू, विनोदवीर यांना एकाच तासात आणून बसवत गेला. टोपो जिजो हा बाहुला-उंदीर ‘एडी, किस मी गुडनाइट’ म्हणत लाडात आला की त्यांच्या त्या दगडी चेहऱ्यावर जे अवघडलेले हसू फुटे, ते मला त्यांच्या साऱ्या निवेदनांहून अधिक आवडते.

कलाकारांची पारख मात्र पक्की. कार्यक्रमाच्या प्रायोजक मोटार कंपनीच्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडील विक्रेत्यांचा रोष पत्करूनही त्यांनी कृष्णवर्णीय कलाकारांना व्यासपीठ दिले. रॉक-अँड-रोल गायक एल्व्हिस प्रेस्लीला आपण बोलावणार नाही असे म्हणणाऱ्या सलिव्हन यांनी पुढे त्यालाच तीन कार्यक्रमांसाठी ५०,००० डॉलर मोजले, आणि तिसऱ्या वेळी, जानेवारी १९५७ मध्ये, त्याचे कंबर हलवणे दिसू नये म्हणून कॅमेरा कमरेच्या वरच ठेवला! ९ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांच्या कार्यक्रमात बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाला सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिले. पत्नी सिल्व्हिया १९७३ मध्ये गेल्या आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये, अन्ननलिकेच्या कर्करोगाने, सलिव्हनही गेले.

बाहेरील हिरवळीवरही अर्धा तास काढावा. तेथील बहुतेक नामफलक जमिनीलगत बसवलेले असल्याने पाहून चालावे लागते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते माल्कम एक्स यांचे दफन याच आवारात झाले आहे. त्या १९६४ च्या रात्री सलिव्हन यांच्या मंचावर गाणाऱ्या, बीटल्सपैकी जॉन लेनन यांचे दहनही डिसेंबर १९८० मध्ये फर्नक्लिफमध्येच झाले. शक्य तर सकाळी आधी ब्रॉडवेवरचे थिएटर पाहून मग येथे यावे. आम्ही उलटे केले आणि संध्याकाळी त्या झगमगत्या पाटीखाली छायाचित्र काढायचेच राहिले.