जिन्यातल्या देवाच्या टाइल्स: छपाई उत्तम, पण कोपऱ्यात लावायला घेऊ नका

आमच्या सोसायटीने जिन्याच्या कोपऱ्यांसाठी देवाच्या टाइल्स आणल्या. गणपती, दत्त, साईबाबा आणि त्याच संचात क्रूस आणि काबा. आधी वस्तूबद्दल सांगते. चित्र टाइलवर भाजून पक्कं केलेलं आहे, वरून चिकटवलेला कागद नाही. नखाने खरवडलं, ओल्या फडक्याने घासलं, रंग हलला नाही. दत्ताच्या पायाशी बसलेल्या कुत्र्यांचे डोळेसुद्धा स्वच्छ दिसतात. किंमतही वाजवी. देवघराच्या भिंतीला लावायची असती तर मी डोळे मिटून पाच तारे दिले असते.

पण दुकानदार या टाइल्स विकतो थुंकणं बंद करायला. बैठकीत मी स्पष्ट नको म्हटलं होतं, बहुमताने लागल्या. सुरुवातीला कोपरे कोरडे राहिले, हेही खरं. मग दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टाइलच्या बरोब्बर खाली लाल पिचकारी आली, आणि पुढे दत्ताच्या पावलांवरच शिंतोडे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ज्याला खायचा त्याला तो मिळतोच.

जिना पुसणाऱ्या मावशी तेव्हा माझ्या दारात आल्या. "ताई, पायऱ्या पुसलेलं फडकं देवाला कसं लावू?" मी धुतलेला पंचा दिला. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, पावलं पुसली आणि पंचा वेगळ्या बादलीत भिजवला. थुंकणारा कोण ते कळलं नाही, पण निस्तरायला मात्र देवाला मानणारी बाईच पुढे आली.

मला थुंकणाऱ्याचा संताप येतोच. त्याहून जास्त आमचा येतो. त्याने बेफिकिरीने घाण केली; आम्ही ठराव करून देवाला गुडघ्याएवढ्या उंचीवर, चपला आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारी पहाऱ्याला बसवलं. विटंबना तिथेच सुरू झाली, पिचकारी नंतरची. क्रूस आणि काब्याचंही तेच. शेजाऱ्याचं पवित्र स्थान आपल्या घाणीवर उतारा म्हणून वापरायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? भिंतींवर असे फोटो लावायला बंदी घाला, ही याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळली होती. म्हणजे हे आपलं आपणच ठरवायला हवं. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री.

टाइल्स काढायच्या ठरल्यावर नवीनच अडचण. पक्क्या चिकटवलेल्या, छिन्नी लावताच साईबाबांची टाइल तिरकी तडकली. आता ती टाकायची कुठे? दुकानदार म्हणाला, "विसर्जन करा." भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही, खाडीच्या गाळात चेहरा वर करून पडून राहील. टाइल सध्या कापडात गुंडाळून माझ्या कपाटात आहे. बाकीच्या परत घ्यायलाही त्याने नकार दिला.

रिकाम्या झालेल्या वळणावर आम्ही साध्या पांढऱ्या टाइल्स आणि वर एक ट्यूबलाइट लावली. डाग लगेच दिसतो, मावशी फिनेल ओतून ब्रशने घासतात, कुणाला विचारावं लागत नाही. थुंकणं पूर्ण थांबलेलं नाही, कमी झालंय.

टाइलच्या दर्जाला चार तारे, या वापराला एकही नाही. देवघरासाठी घेणार असाल तर फ्रेममध्ये बसवून खिळ्याला टांगा, म्हणजे घर बदलताना छिन्नी लावावी लागणार नाही.