लॉगिन एकाचे, हिशेब दुसऱ्याचा: सभासद पोर्टलचा एका हंगामानंतरचा अनुभव

सोसायट्यांसाठी मिळणाऱ्या या हिशेब पोर्टलचे अहवाल, मराठी टंकन आणि मोबाइलवरची मांडणी वापरणाऱ्यांना ठाऊकच आहे, म्हणून त्यात शिरत नाही. रावेर तालुक्यातील आमच्या फ्रूटसेल सोसायटीच्या, म्हणजे सभासदांची केळी विकणाऱ्या सहकारी संस्थेच्या, कार्यालयात ते मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) कटाईपासून वापरात आहे. काट्यावर गाडीचे वजन झाले की पावती सभासदाच्या खात्यात जमा होते, आणि हे काम ते बिनचूक करते. तरीही हा अनुभव एकाच मुद्द्यावर लिहितो आहे, तो म्हणजे लॉगिन केलेला माणूस आणि त्याची नोंद यांची गाठ हे पोर्टल कशी घालते.

ऐन कटाईत एका सभासदाने लॉगिन केले आणि त्याला दुसऱ्याच शेतकऱ्याचे वजन, भाव आणि उचल दिसली. दोघांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एकच होते. पाटील, चौधरी आणि महाजन या तीन आडनावांत जेथे अर्धे गाव मावते, तेथे हे घडणारच होते. केळीचा जाहीर भाव चारचौघांना माहीत असतो. पण कोणाला त्यापेक्षा किती कमी मिळाले आणि कोणी किती उचल घेतली, हे भाऊबंदांतही उघड बोलले जात नाही. त्यामुळे तक्रार पोर्टलपाशी न थांबता थेट संचालक मंडळाच्या बैठकीत पोहोचली.

विक्रेत्याचे पहिले उत्तर असे होते की, नावे तुमच्याच कार्यालयाने भरून दिली आहेत. हे उत्तर मला आजही पटत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ नुसार प्रत्येक संस्थेला सभासदांची नोंदवही ठेवावी लागते. आमच्या ‘आय’ नमुन्याच्या त्या नोंदवहीत प्रत्येक सभासदाला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि तो क्रमांक आम्ही दिलेल्या यादीच्या पहिल्याच रकान्यात होता. तो सोडून नावावरून जोडणी करण्याचा निर्णय कार्यालयाचा नव्हता.

मग मोबाइल क्रमांकावरून जोडणी सुरू झाली. ओटीपी आला की खाते उघडणार, एवढे ते सोपे होते. पण आमच्याकडे वडील, काका आणि दोन भाऊ अशा चार सभासदांच्या नोंदींपुढे एकाच मुलाचा क्रमांक लिहिलेला आढळतो, कारण घरात बँकेचे संदेश वाचणारा तोच असतो. पोर्टलने त्याला चारपैकी एकच खाते दाखवले आणि बाकीचे तिघे ‘नोंदणी नाही’ या यादीत गेले. शिवाय बंद पडलेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे सिम बदलून क्रमांक कळवायला विसरलेल्या सभासदाचा हिशेब उद्या कोणा अनोळखी माणसाच्या ओटीपीवर उघडू शकतो. ओटीपीने फोन कोणाच्या हातात आहे एवढेच सिद्ध होते; नोंदवहीतील सभासद कोण, हे त्यातून ठरत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर होता. पावती उघडल्यावर ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी तिचा क्रमांक दिसत असे. तो एकाने वाढवला की पुढच्या शेतकऱ्याची पावती उघडत असे. समोरचा माणूस लॉगिन करून आला आहे की नाही एवढेच पोर्टल तपासत होते. मागितलेली पावती त्याचीच आहे का, हा प्रश्न ते विचारतच नव्हते. हा दोष दुर्मीळ नाही. ओवास्प या संस्थेच्या वेब-सुरक्षेच्या धोक्यांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील त्रुटी २०१७ साली पाचव्या स्थानी होती, ती २०२१ साली पहिल्या स्थानी आली. यावर विक्रेत्याने क्रमांकाऐवजी लांबलचक अक्षरमाला ठेवली आणि काम झाल्याचे कळवले. परंतु आमच्याकडे पावतीची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि ती अक्षरमालाही तिच्याबरोबर फिरते. उपाय साधा होता: पावती शोधतानाच ‘या लॉगिनला जोडलेल्या सभासदाच्या पावत्यांपैकी’ अशी अट सर्व्हरवर लावायची आणि तीत न सापडल्यास ‘पावती नाही’ असे उत्तर द्यायचे. ही अट अनेक फोन आणि दोन लेखी पत्रांनंतर लागली.

एवढे लिहून झाले तेव्हा मी एकच तारा देणार होतो. त्यानंतर नवी आवृत्ती आली आणि मत बदलावे लागले.

विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने सांगितल्यानुसार हे पोर्टल जँगो या पायथॉन संगणकभाषेतील तयार सांगाड्यावर (फ्रेमवर्कवर) बांधलेले आहे. जँगोच्या अधिकृत दस्तऐवजात वापरकर्त्याची जादा माहिती ठेवण्यासाठी एकास-एक जोडणीची, म्हणजे एका लॉगिनला एकच नोंद बांधण्याची, वाट दाखवलेली आहे, आणि माणसाच्या परिचयापुरती ती योग्यच आहे. मात्र पोर्टलने सभासदाचे खातेही त्याच वाटेने नेले, आणि लॉगिन पुसले की त्याला बांधलेले सारेच पुसले जाईल अशी ती जोडणी ठेवली. म्हणूनच एका मयत सभासदाचे लॉगिन काढून टाकले तेव्हा त्याला जोडलेल्या पावत्याही त्याबरोबर पुसल्या गेल्या आणि आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून त्या परत आणाव्या लागल्या. नव्या आवृत्तीत लॉगिन आणि सभासद यांच्यामध्ये जोडणीची स्वतंत्र नोंद आहे: कोणते लॉगिन, कोणता सभासद क्रमांक, कोणत्या नात्याने, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या तारखेपर्यंत. नात्याच्या रकान्यात स्वतः, वारस आणि कुलमुखत्यार असे पर्याय आहेत. कार्यालयाने नोंदवही पाहून मंजुरी दिल्याशिवाय जोडणी सुरू होत नाही, आणि ती संपवली तरी पावत्या जागच्या जागी राहतात.

एका लॉगिनला अनेक खाती आणि एका खात्याला अनेक लॉगिन जोडता येऊ लागल्यामुळे आमच्या बहुतेक तक्रारी मिटल्या. चार खात्यांचा तो मुलगा आता पडद्यावर वर दिसणाऱ्या यादीतून सभासद निवडतो. मुलीच्या लग्नानंतर सुरतेला गेलेले एक वृद्ध सभासद तेथून स्वतःचा हिशेब पाहतात आणि त्यांची शेती सांभाळणारा पुतण्या रावेरात तोच हिशेब पाहतो. पुतण्याची मुदत मात्र कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची) कटाई संपेल त्या तारखेपर्यंतच ठेवली आहे. सातबारा एकाच्या नावावर आणि कष्ट दुसऱ्याचे, अशी आपल्याकडची शेती पहिल्यांदाच एखाद्या संगणकीय व्यवस्थेला कळलेली मी पाहिली, हे मोकळेपणाने नोंदवतो.

दरपत्रक मात्र चिडवणारे आहे. सभासदामागे एक लॉगिन वार्षिक शुल्कात धरलेले असून पुढच्या प्रत्येक लॉगिनला जादा आकार आहे. म्हणजे जो दोष मुळात त्यांच्या रचनेत होता, त्याची दुरुस्ती आता आम्ही विकत घ्यायची. वारसाचे लॉगिन ही चैन नव्हे, आणि सोसायटीचा पैसा सभासदांच्या कपातीतून येतो. याशिवाय कार्यालयातील लॉगिन सर्वांचे हिशेब पाहू शकते, परंतु कोणी कोणाचा हिशेब केव्हा उघडला याची नोंद कोठेही राहत नाही. हिशेबनीस या नात्याने ती सर्वप्रथम माझ्यावर ठेवली जावी असे मला वाटते.

सध्या तीन तारे देतो. नूतनीकरणाच्या पत्रात आम्ही दोन अटी घातल्या आहेत, वारसाच्या जोडणीला आकार नको आणि पाहणीची नोंद हवी, आणि त्यांचे लेखी उत्तर येईपर्यंत शुल्काचा दुसरा हप्ता थांबवला आहे.