सीनियर स्टेटस की पूर्ण निवृत्ती?
अमेरिकेत फेडरल अपील कोर्टाचा न्यायाधीश तहहयात असतो; आपल्या हायकोर्टासारखी 62 वर्षांची अट नाही. वय आणि सेवा मिळून 80 भरली (वय किमान 65, सेवा किमान 10 वर्षं) की दोन वाटा खुल्या होतात: पूर्ण निवृत्ती, किंवा सीनियर स्टेटस म्हणजे कमी कामाची अर्धनिवृत्ती.

पूर्ण निवृत्तीत शेवटचा पगार जन्मभर मिळतो, पण तिथेच गोठतो. वकिली, लवाद मात्र खुशाल करा.

सीनियर स्टेटसमध्ये पद राहतं, पगारवाढही मिळते. त्यासाठी वर्षाकाठी साधारण तीन महिन्यांचं काम उरकावं लागतं. पूर्णपीठापुढे फेरसुनावणी घ्यायची का, यावर मत देता येत नाही.

नव्या नेमणुकीसाठी जागा मात्र दोन्हीकडे रिकामी होते. खरी गोम न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांना हा निर्णय कळवतो त्या पत्रातल्या तारखेत! ‘उत्तराधिकारी मंजूर झाल्यावर’ असं लिहिलं तर बेत बदलता येतो: चौथ्या सर्किटच्या (अशाच एका विभागीय अपील कोर्टाच्या) जेम्स विन यांनी डिसेंबर 2024 मध्ये असाच बेत बदलला.